पखवाजवाल्या आजोबांना वर्गात कसं बोलवायचं?

आदरणीय सर,

मी लालबाग-परळ भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवते. आमचे चित्रकलेचे सर निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ती जागा अजून भरलेली नाही. चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे, पण तो कधी माझ्याकडे येतो, कधी विज्ञानाच्या बाईंकडे. शाळेच्या आजूबाजूला मात्र कलावंतांची काही कमी नाही. पाच मिनिटांवर गणपतीचे कारखाने आहेत. सातवीतल्या एका मुलाचे आजोबा पूर्वी गिरणीत होते, ते भजनी मंडळात पखवाज वाजवतात. एका मुलीची आई भीमगीतं गाते, बीडीडी चाळीत तिचे कार्यक्रम होतात. मला वाटतं, ही माणसं वर्गात यायला हवीत. नुसती गॅदरिंगला नाही, रोजच्या शिकण्यात.

गेल्या वर्षी एका संस्थेने आमच्याकडे एक दिवसाची कार्यशाळा घेतली. कापडी पिशव्या रंगवल्या, फोटो काढले, बॅनर लावला, संपलं. यंदाही ते यायला तयार आहेत, तेही फुकट. मुख्याध्यापिका म्हणतात, तेच बरं, कटकट नाही. पालकसभेत मी विषय काढला तर एक वडील म्हणाले, "बाई, तुम्ही अभ्यासाचं बघा. ढोलकी काय, आमचा पोरगा गणपतीत वाजवतोच." शिवाय माझी स्वतःची अडचण अशी की मला साधी सरळ रेघ मारता येत नाही. मी या फंदात पडावं का? पडले तर सुरुवात कुठून करू? गणपती जवळ येतायत, तर मूर्तिकारांनाच आधी बोलवू का?

– गणिताच्या एक बाई, परळ

बाई,

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. या तीस वर्षांत गणिताच्या शिक्षकांनी माझे किती तास नेले त्याचा हिशेब त्यांनाच विचारावा लागेल. "सर, पोर्शन राहिलाय हो, आजच्या दिवस द्या ना." मी द्यायचो. आता गणिताच्याच एक बाई विचारतायत की कला वर्गात कशी आणू. तुमचं पत्र मी आधी मनात वाचलं आणि मग घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

करा. जरूर करा. फक्त मूर्तिकारांपासून सुरुवात नको, निदान आत्ता तरी नको. तुम्ही त्या भागातल्याच, तुम्हाला मी काय सांगायचं. जून ते भाद्रपद हा कारखान्यांचा जीव खालीवर होण्याचा काळ. पावसात मूर्ती वाळत नाहीत, कारागीर रात्र-रात्र जागतात, मंडळांची माणसं रोज येऊन डोक्यावर बसतात. अशा वेळी एकतीस मुलं घेऊन कोणी दारात उभं राहिलं तर तो माणूस "या, या" म्हणेल, कारण लालबागची माणसं तशीच आहेत, पण मनातून तुम्हाला शिव्या घालेल. गणपती गेले की देवीच्या मूर्ती असतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा तो मोकळा होतो. आत्ता फार तर स्वतः एकट्या जा, अर्धा तास कोपऱ्यात उभ्या राहा, बघा. मुलांना घेऊन नोव्हेंबर-डिसेंबरात.

सुरुवात पखवाजवाल्या आजोबांपासून करा. त्यांच्याकडे सकाळचा वेळ आहे, त्यांचा नातू तुमच्या वर्गात आहे, आणि त्यांच्या हातात जे आहे ते तुमच्या सातवीच्या पुस्तकात आहे. ते कसं, ते सांगतोच. पण आधी माझ्या एका फजितीबद्दल ऐका, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

त्या काळी गल्लोगल्ली पेंटर असत. दुकानाच्या पाट्या, टेम्पोच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, सगळं ब्रशने. फ्लेक्स यायचा होता. आमच्या शाळेजवळ असाच एक पेंटर होता, देवनागरी अक्षर असं काढायचा की रस्त्यावरचा माणूस थांबून बघायचा. मी उत्साहाने त्याला वर्गात बोलावलं. काय करायचं ते सांगितलंच नाही. "मुलांना काहीतरी शिकवा" एवढंच म्हणालो. साठ मुलं, मे महिन्याच्या तोंडावरचा उकाडा. त्याने फळ्यावर खडूने "सुस्वागतम्" काढलं, अप्रतिम काढलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटं झाली होती, तास पस्तीस मिनिटांचा होता. पुढे काय, हे त्यालाही कळेना आणि मलाही. मागच्या बाकांवर दंगा सुरू झाला, मी ओरडलो, तो घाम पुसत उभा राहिला. नंतर तो मला टाळायलाच लागला.

बऱ्याच दिवसांनी चहाच्या टपरीवर गाठ पडली. म्हणाला, "मास्तर, मला आधी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. 'क्ष' आणि 'र' एका मापात बसवायला मला दोन वर्षं लागली. 'क्ष'ला जागा जास्त लागते, 'र' अंग चोरून उभा राहतो. पाटी तर दुकानदाराची ठरलेली, चार फूट म्हणजे चार फूट. मग कुणाला किती जागा द्यायची? सगळं डोकं तिथं जातं."

मी कप हातात धरून गप्प. चार फुटांच्या पाटीत असमान रुंदीची अक्षरं समान दिसतील अशी बसवायची! हा अख्खा धडा होता. चित्रकलेचा होता, भाषेचा होता आणि तुमच्या गणिताचासुद्धा. तो धडा त्या माणसाकडे तयार होता आणि मी त्याला "काहीतरी शिकवा" म्हणालो होतो.

तेव्हापासून मी एक धरून बसलो. कलावंताला त्याची कला दाखवायला सांगू नये. त्याला विचारावं, तुमच्या कामात अडतं कुठं? ज्या जागी त्याचं डोकं लागतं, तिथंच तुमच्या पुस्तकातला एखादा धडा दडलेला असतो. कला दाखवायला सांगितलं की कार्यक्रम होतो. अडचण विचारली की वर्ग होतो. आणि हे विचारायचं वर्गात नाही, आधी, त्याच्या घरी किंवा कामाच्या जागी, तुम्ही दोघांनीच बसून.

इंग्लंडमध्ये २००२ ते २०११ या काळात सरकारच्या पैशाने शाळांमध्ये चित्रकार, नट, वास्तुरचनाकार असे लोक पाठवण्याचा मोठा कार्यक्रम चालला. अमेरिकेत शिकागोमध्येही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून असं काम चालू आहे. दोन्हीकडे मुख्य गोष्ट एकच होती, की कलावंत आणि शिक्षक एकत्र बसून तास आखतात आणि वर्गात दोघंही उभे असतात. कलावंताला वर्ग सोपवून शिक्षक स्टाफरूममध्ये वह्या तपासायला गेला तर काही उरत नाही. आणि आपण तरी एवढं लांब कशाला जायचं? वर्ध्याला १९३७ साली गांधीजींची नयी तालीम मांडली गेली तेव्हा हाताचं काम हेच शिक्षणाचं माध्यम मानलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरच्या बाजूला, कोसबाडला, आदिवासी मुलांच्या अंगणातल्याच वस्तू घेऊन बालवाड्या चालवल्या. आपण विसरलो आणि पिशव्या रंगवायला लागलो.

आता आजोबा.

सातवीला मसावि-लसावि आहे. तुम्ही फळ्यावर ६ आणि ८ लिहिता, पाढे काढता, २४ येतात, मुलं वहीत उतरवून घेतात. हे २४ कशाचे आहेत ते कुणालाच माहीत नसतं. पखवाजवाल्याला ते अंगातून माहीत असतं, फक्त तो त्याला लसावि म्हणत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा. दादरा सहा मात्रांचा. वर्गाचे दोन गट करा. एक गट आठ मोजणार आणि पहिल्या मात्रेवर टाळी देणार, दुसरा सहा मोजणार आणि त्याच्या पहिल्या मात्रेवर टाळी देणार. लय एकच ठेवायची, ती आजोबांनी पखवाजावर धरायची. दोघांनी एकत्र सुरुवात केली की पुढे टाळ्या फुटतात, एकाची इथं, दुसऱ्याची तिथं, गोंधळ माजतो. मग आठवाल्यांची तीन आवर्तनं आणि सहावाल्यांची चार पुरी झाली की पुढच्या मात्रेला दोन्ही टाळ्या एकदम पडतात. सम सापडते. मुलं त्या वेळी जे ओरडतात ते एकदा ऐका.

मग त्यांनाच विचारा, किती मात्रांनी भेटलो? चोवीस. सात मात्रांचा रूपक आणि आठाचा ठेका घेतला तर? छप्पन्न मोजेपर्यंत धीर धरवत नाही, निम्मा वर्ग वाटेत हरवतो. आणि तिथंच एखादी मुलगी विचारते की सहा आणि आठ इतक्या लवकर का भेटले, सात आणि आठ का नाहीत. हा प्रश्न फळ्यावरून येत नाही, बाई. तो आला की खडू उचला, सामाईक अवयव सांगा आणि मसावि मांडा. आता ते तुमचं काम.

एक सांभाळा. मुलांना लय धरता येत नाही, उत्साहात ती पळतात. पहिल्या दिवशी सम सापडणारच नाही. आजोबा वैतागतील. म्हणून एका तासात संपवायचं नाही. आठवड्यातून एकदा जोडतास घ्या आणि असे पाच-सहा आठवडे चालवा. पहिल्या दिवशी नुसतं ऐकायचं आणि मोजायचं. आजोबांनी गिरणीतल्या मागांच्या आवाजात भजनं कशी बसवली असले किस्से सांगितले तर सांगू द्या, घड्याळ बघू नका. शेवटच्या दिवशी गणित अजिबात नको. त्या दिवशी नुसतं वाजवायचं, गायचं.

हा शेवटचा दिवस मी मुद्दाम सांगतोय. आम्हा कलाशिक्षकांच्या मनात एक भीती असते. "कला अभ्यासात आणा" असं म्हणणारे लोक हळूहळू कलेला गणिताची मोलकरीण करतात. पखवाज हा काही लसावि शिकवण्यासाठी निघालेला नाही. लसावि त्यात सापडतो, हे खरं. पण त्या म्हाताऱ्या माणसाने पन्नास वर्षं ज्यासाठी हात झिजवले ते काही वेगळंच आहे, आणि त्याचा वास मुलांना लागला पाहिजे. निदान एका दिवशी तरी.

सरळ रेघ येत नाही म्हणालात. मला तर उलट वाटतं की तुमची हीच जमेची बाजू आहे. आजोबांसमोर वर्गात तुम्हीही टाळी द्यायला बसा आणि चुका. मुलांना त्यांच्या बाई चुकताना बघायला मिळणं ही शाळेतली फार दुर्मीळ गोष्ट आहे. वर्गावर नियंत्रण मात्र तुमचंच राहील. शिस्त लावणं आजोबांचं काम नाही. त्यांच्यावर ते टाकलं की माझा पेंटर होतो.

पालकसभेतल्या त्या वडिलांचा राग मानू नका. त्यांनी तुम्हाला नकळत मोठी मदत केली आहे. त्यांचा मुलगा गणपतीत ढोलकी वाजवतो, म्हणजे लय धरणारा एक सहायक तुमच्या वर्गात आधीच बसलाय. कदाचित गणितात मागे असेल. त्याला आजोबांच्या शेजारी बसवा, सहावाल्या गटाची जबाबदारी द्या. पाच आठवड्यांनी वडिलांना बोलवा, पण भाषण ऐकायला नाही, त्यांच्या मुलाने लसावि समजावून सांगितलेला ऐकायला. आणि एक, कुणालाही "यामुळे गुण वाढतील" असं वचन देऊ नका. वाढतील किंवा न वाढतील. तुम्ही तो करार केलात तर पहिल्या घटक चाचणीतच पखवाज बंद पडेल.

गुणांचंच बोलायचं तर शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा आहेत, आणि त्यांच्यामुळे दहावीला वाढीव गुण मिळतात. चित्रकलेचे शिक्षक नाहीत म्हणून तुमच्या शाळेतली मुलं त्यांना बसत नसतील तर हा विषय शाळा व्यवस्थापन समितीत काढा. शिक्षण हक्क कायदा २००९च्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलंय की सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. हे मी दोन कारणांनी लिहितोय. एक, तुम्हाला बोलायला आधार मिळावा. दुसरं, तुमच्या या सगळ्या धडपडीचा उपयोग कुणी "बघा, गल्लीतले लोक येतात की, मग शिक्षक कशाला" असा करू नये. आजोबा हे चित्रकलेच्या सरांच्या जागी नाहीत. ती रिकामी जागा भरायचीच आहे, हे प्रत्येक ठरावात लिहीत राहा.

मुख्याध्यापिकाबाईंना कागद लागतो, आणि त्यांचं चूक नाही. उद्या काही झालं तर सही त्यांची असते. त्यांच्यापुढे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ठेवा. त्यात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, आणि त्या दिवसांत मुलांनी स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलंय. सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशी नावंच दिली आहेत. स्थानिक कलाकारांना शाळेत शिकवायला घ्यावं हेही त्याच धोरणात आहे. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही, सरकारनेच सांगितलेलं परळात करून दाखवताय. त्यांना अर्ध्या पानाचं पत्र द्या. कोण येणार, किती वेळा, कुठला धडा, कुठल्या तासाला, वर्गात तुम्ही स्वतः असणार, एवढं पुरे. पानभर "सर्वांगीण विकास" लिहू नका, त्यांनी तो आयुष्यभर वाचलाय.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र संकोच नको. आजोबा असोत की कुणीही, बाहेरचा माणूस मुलांबरोबर एकटा राहणार नाही, कायम शाळेचा एक मोठा माणूस सोबत. वारंवार येणाऱ्याची पोलीस पडताळणी करून घ्या. हे आजोबांना वाईट वाटेल अशी भीती तुम्हाला वाटेल. त्यांना सरळ सांगा की हा नियम सगळ्यांना आहे, आमच्या शिपायालाही. नातवंडं असलेल्या माणसाला ते कळतं. शाळेत सखी सावित्री समिती आहे, तिच्या कानावर घाला. मुलांना घेऊन बाहेर जायचं तर पालकांची संमतीपत्रं आणि दर पंधरा मुलांमागे निदान दोन मोठी माणसं. फोटो काढायचे तर त्यालाही संमती.

पैशांचं. आजोबा नको म्हणतील, देवाचं काम आहे म्हणतील. तरी द्या. थोडे द्या पण द्या, पाकिटात घालून, सगळ्या मुलांसमोर, "मानधन" असा शब्द उच्चारून. विज्ञान शिकवणाऱ्याला पगार आणि पखवाज शिकवणाऱ्याला नारळ-शाल, हे मुलं बघत असतात. मूर्तिकाराच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. त्याची दिवसाची मजुरी बुडते तेवढी तरी भरून द्यायलाच हवी. हे पैसे कुठून आणायचे? पालक-शिक्षक संघ आहे, माजी विद्यार्थी आहेत, आणि तुमच्या भागात गणेशोत्सव मंडळं आहेत. वर्षभर रुग्णवाहिका, वह्यावाटप, रक्तदान करणारी मंडळं एका वर्गाच्या मानधनाला नाही म्हणणार नाहीत. फक्त आधीच ठरवा की वर्गात बॅनर लागणार नाही. नाहीतर एखाद्या स्थानिक नेत्याचा फोटो तुमच्या फळ्याशेजारी येऊन बसेल, आणि तो काढायची हिंमत पुढची पाच वर्षं कुणाला होणार नाही. (अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका.)

दिवाळीनंतर मूर्तिकाराकडे जाल तेव्हा आठवीला न्या. त्यांना घनफळ आहे. तिथंही तोच प्रश्न विचारायचा, अडतं कुठं? तो सांगेल ते मी आत्ताच सांगू शकतो, वजन आणि तडे. मुलांना विचारा, एक फुटाच्या भरीव मूर्तीला समजा दोन किलो शाडू लागला, तर तशाच दोन फुटी मूर्तीला किती? सगळा वर्ग म्हणेल, चार किलो. लागतील सोळा. उंची दुप्पट, रुंदी दुप्पट, जाडी दुप्पट. मग दहा फुटी? दोन हजार किलो, म्हणजे दोन टन! मुलांना ते खोटं वाटतं. मातीचा छोटा ठोकळा करून वजनकाट्यावर ठेवायला लावा, मग दुप्पट मापाचा. लालबागच्या उंच मूर्ती आतून पोकळ का, प्लास्टरमध्ये काथ्या का घालतात, शाडूची मूर्ती एका मर्यादेपलीकडे उंच का होत नाही, हे मग आपोआप निघतं. रंगाचं वेगळं. दोन फुटी मूर्तीला रंग चारपट लागतो, आठपट नाही. का, ते घरी विचार करून या म्हणावं.

विज्ञानाच्या बाईंनाही ओढा. प्लास्टर पाण्यात कालवलं की गरम होतं आणि घट्ट बसतं, कारण ती रासायनिक क्रिया आहे. जिप्सम भाजून त्यातलं बरंचसं पाणी काढलेलं असतं, ते पाणी ते परत घेतं. शाडू फक्त वाळतो. पाणी उडून जातं, माती आकसते, तडा जातो. म्हणून शाडू पुन्हा पाण्यात विरघळतो आणि प्लास्टर नाही. विसर्जनाचा जो वाद मुलं दरवर्षी टीव्हीवर बघतात त्याच्या मुळाशी एवढंच आहे, आणि ते त्यांना हाताने कळेल.

जमलं तर मुलांना डोळ्यांची आखणी बघू द्या. कारखान्यात ते काम सगळ्यात जाणता हात करतो. तिथं तुम्ही काहीही शिकवू नका. गप्प राहा.

तुमच्या वर्गात सगळ्यांच्या घरी गणपती नसतील, हे ध्यानात असेलच. माती ही माती आहे, ज्याला जे करायचं ते करू दे, हत्ती, हात, आजीचा चेहरा. आणि भीमगीतं गाणाऱ्या त्या आईला तुम्ही पत्रात तिसऱ्या क्रमांकावर ठेवलंत, तिला दुसऱ्या सत्रात आणाच. तिच्यासाठी मराठीच्या शिक्षकांना धरा. गाणं रचताना यमकासाठी शब्द कुठं वाकवावा लागतो, सभेत माईक बंद पडला तर काय करतात, हे ती सांगेल. गिरणगावाचा इतिहास पुस्तकात चार ओळींचा आहे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि याच गल्ल्यांत शाहिरी गाजवली. मुलांना वाटतं इतिहास म्हणजे रायगडावर.

वस्तुसंग्रहालयाचं थोडक्यात. राणीबागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय तुमच्यापासून जवळ आहे, १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं. तिथं मुंबईतल्या माणसांच्या, त्यांच्या धंद्यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. मूर्तिकाराकडे हात मळवून झाल्यावर मुलांना तिथं न्या, आधी नको. आधी नेलं तर ती काचेवर नाकं दाबून दहा मिनिटांत बाहेर येतात. बुधवारी बंद असतं, आणि जाण्याआधी फोन करा.

ती पिशव्यावाली संस्था. त्यांना हाकलू नका. फुकट येणाऱ्याला "नको" म्हणणं मुख्याध्यापिकांना अवघड जातं, म्हणून "हो, पण" म्हणा. एका दिवसाऐवजी तेच तास सहा आठवड्यांत विभागून द्याल का? एकच माणूस सहाही वेळा येईल का? आधी माझ्याबरोबर तासभर बसेल का? मानधनाचा भार तुम्ही उचलाल का? जी संस्था या प्रश्नांवर खुर्ची पुढे ओढून बसते तिच्याशी मैत्री करा. जी बॅनरचं माप विचारते तिला गॅदरिंगची तारीख द्या.

आणि आणखी माणसं लागतील तेव्हा मुलांनाच शोधायला लावा. घरी जाऊन विचारून या, आपल्या चाळीत, मजल्यावर, हाताने किंवा गळ्याने काही करणारं कोण आहे? मी एकदा ही यादी करायला लावली होती. गोधडी शिवणारी आजी, शक्ती-तुऱ्यात नाचणारे काका, जरीकाम करणारे शेजारी, रांगोळीवाली, जाळं विणणारा मामा, कुणाचा भाऊ रात्री ट्रकच्या मागे अक्षरं काढायचा. बत्तीस मुलांकडून सत्तावन्न नावं आली. त्यातल्या पन्नास जणांना शाळेने कधी दारातही बोलावलं नव्हतं.

सुरुवातीला मात्र एकच वर्ग, एकच धडा, एकच माणूस. आजोबांकडे आषाढी झाल्यावर जा, त्याआधी भजनी माणूस कुणाच्या हाती लागत नाही. पुढे श्रावण लागेपर्यंत वीसेक दिवस मिळतात. सकाळी जा, संध्याकाळी ते मंडळात असतील. नातवाला सोबत घ्या, आणि लसाविचं पुस्तक पिशवीतच राहू द्या.